भरून येणारा भोपळा

१९ ऑक्टोबर
आज व्हरमाँट राज्यातल्या या गावी राहायला आलो. घर लहान आहे, पण माझ्या एकट्याचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या प्रुइटबाईंची डुकरं दिसतात. सफरचंदांच्या गोदामात काम मिळालं आहे. फळ अंगठ्याने हलकेच दाबायचं, मऊ लागलं की बाजूला टाकायचं. संध्याकाळी प्रुइटबाई एक मोठा भोपळा देऊन गेल्या. म्हणाल्या, हॅलोविनच्या रात्री हा कोरून दारात त्याचा दिवा लावला नाहीस तर पोरांना वाटेल इथे भूत राहतं, आणि तुझा चेहरा बघितला की त्यांची खात्रीच पटेल. त्या गेल्यावरही मी हसत होतो.

३१ ऑक्टोबर
दुपारी भोपळा कोरला. आधी पेन्सिलीने चेहरा आखून घेतला. डोळे नीट जमले. तोंड कापताना मात्र सुरी निसटली आणि डाव्या तळहातात शिरली. रक्त भोपळ्याच्या तोंडात गेलं. प्रुइटबाईंनी पट्टी बांधली. मेल्या, भोपळा कोरायला दिला होता, स्वतःला कोरायला नाही, असं म्हणाल्या. मग आवाज उतरवून बजावलं की रक्त प्यायलेला भोपळा पेटवायचा नसतो, डुकरांना घालायचा.
पण दुसरा भोपळा नव्हता. माझं इथलं पहिलंच वर्ष. दार अंधारात ठेवलं तर गाव काय म्हणेल? त्या गेल्यावर मेणबत्ती लावली. खाऊ मागायला एकही मूल आलं नाही.

४ नोव्हेंबर
गल्लीतले सगळे भोपळे खचून काळे पडले. माझा टवटवीत आहे. त्याच्या तोंडाची फट अरुंद झाली आहे. मला भास होत नाही. पेन्सिलीची रेघ अजून दिसते, आणि काप तिच्यापासून आत सरकला आहे.
माझी जखम मिटत नाही. कडा केशरी दिसतात.

७ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, चिघळली आहे, मलम लाव. मी त्यांना वास घ्यायला सांगितलं. त्यांना काही जाणवलं नाही. मला जाणवतो. उकडलेल्या भोपळ्याचा.
रात्री पट्टी सोडली तर जखमेतून एक बी पडली. पांढरी, चपटी.

९ नोव्हेंबर
गाल अंगठ्याने दाबला. मऊ. पडलेला खळगा भरून आला नाही. फळ असतो तर मीच मला बाजूला टाकलं असतं.
भोपळ्याचं तोंड जवळजवळ मिटलं आहे—

१० नोव्हेंबर
प्रुइटबाईंना सगळं सांगितलं. भडकल्या. म्हणाल्या, पेटवलासच ना, शहाण्या? पायरीवर ठेव. उद्या सकाळी कुऱ्हाडीने फोडून डुकरांना घालते, म्हणजे सुटशील. त्यांचे हात हातात घेऊन आभार मानले. भोपळा पायरीवर ठेवला. आज झोप लागेल.

११ नोव्हेंबर
उजाडताच पायरीवर गेलो. भोपळ्यावर बोट टेकवलं. बोट माझ्या गालावर टेकलं.
पुन्हा केलं. नख रोवलं. कपाळात कळ—
तो मी आहे. फोडला तर—
कसाबसा आत आलो. पाय खचताहेत.
प्रुइटबाई फाटकातून येताहेत. हातात कुऱ्हाड. हाक मारायला गेलो, जबडा खाली लोंबला. आवाज नाही. काच वाजवली. हसून हात हलवला त्यांनी—
पान फाडून काचेला लावतो. मोठ्या अक्षरांत—

प्रुइटबाई फोडू न