पौषातली छाटणी

महाल, नागपूर
पौष वद्य पंचमी, शके १८५६

चि. शामलास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. थंडी अजून ओसरली नाही, यांचा खोकलाही नाही. पारशिवनीला तुमच्या तुरी निघाल्या असतील. आईच्या गुडघ्यांना तेल चोळत जा.

तू विचारलंस, माहेरचा मोगरा केव्हा छाटायचा. हेच दिवस. आधी पाणी तोडायचं, मग पानं ओरबाडून काड्या अर्ध्यावर कापायच्या. पावसाळ्यात कापला तर नुसता पाला माजतो. कळी धरते ती नव्या फुटव्याला. इथं हे सगळं माझा मधूच करायचा, मी ओसरीवरून पाहत असे.

आपला मोगरा मी यंदा कुणाला छाटू देत नव्हते. श्रावणात मधू विषमज्वराने गेला, तू माहेरी गेलीस, तेव्हाच यांना बजावलं होतं, परसात कात्री न्यायची नाही. त्याच्या हातचं झाड तसंच राहू दे.

काल सकाळी पाहते तर हे ओणवे होऊन कापत होते. मी धावले.

“काहून कापून राहिले तुम्ही?”

“आत्ता नाही कापलं तं चैत्रात कळी दिसणार नाही.”

“कोण माळणार आहे त्या कळ्या?”

यांनी कात्री खाली ठेवली. “शामलेचा भाऊ दिवाळीत येऊन काय बोलला, ऐकलं ना वं तू? पोरीचं सारं आयुष्य पडलं आहे. तू काही बोलत नाहीस म्हणून ती थांबून राहिली.”

एवढं म्हणून तिथंच मातीत बसले आणि रडले. मधूला पोचवून आले तेव्हाही रडले नव्हते. मी शेजारी बसून राहिले. मग उरलेल्या काड्या मीच कापल्या.

तुझा भाऊ आला तेव्हा मी उठून आत गेले होते. पण दाराआडून ऐकलं सगळं. अमरावतीचे ते मास्तर तुला पसंत आहेत, आणि आमच्या होकारावाचून तू पाऊल उचलणार नाहीस.

तर शामला, लग्न कर. गल्लीतले लोक बोलतील, त्यांना उत्तर द्यायला हे आहेत. तुझी इथं राहिलेली पेटी घेऊन हेच लग्नाला येतील. मी येणार नाही. रागानं नव्हे. तुझ्याशेजारच्या पाटावर दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही. एवढं समजून घे.

नव्या घरी कधी मधूचं नाव काढावंसं वाटेल आणि काढता येणार नाही. तेव्हा मला लिही. इथेही त्याचं नाव घेतलं की माणसं विषय बदलतात गं. आपण दोघी घेऊ.

आजवर पत्राखाली ‘तुझ्या सासूबाई’ लिहीत आले. आज नुसतं नाव लिहिते.

कौशल्या