लाकडाच्या डब्यातला टीव्ही गेम

७ जुलै

तेरावं निवेदन पाठवलं. पाच ओळी. ‘काम सुरू आहे’ हेच पाच प्रकारे सांगितलं. विद्यार्थ्याच्या वहीत असं दिसलं असतं तर लाल रेघ मारली असती.

काय सुरू आहे ते मलाही माहीत नाही! माझा भाऊ प्रीतम अकोल्यात, मी अमरावतीत. तो फोनवर चार शब्द बोलतो. मी त्यांची पाच वाक्यं करते. ती लोकवर्गणीच्या साइटवर जातात आणि दोनशे एकोणचाळीस अनोळखी माणसं ती वाचतात. या माणसांनी न बनलेल्या वस्तूसाठी आगाऊ वर्गणी भरली आहे. वस्तू म्हणजे जुन्या धाटणीचा टीव्ही गेम. लाकडी डबा, वर खाच, खाचेत नव्वदच्या दशकातली कॅसेट बसणार. कल्पना प्रीतमची. शाळेत असल्यापासून तो लोकांचे बिघडलेले टीव्ही गेम उघडून बसायचा. आता टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, आणि हे खूळ.

गेम मार्चमध्ये मिळणार होता. साइटवाल्यांनी आता शेवटची तारीख दिली आहे: तीस सप्टेंबर. तोवर चालता गेम दाखवा, नाहीतर सगळ्यांची वर्गणी परत करा. वर्गणी सुट्या भागांत गेली. परत करायची तर दुकान विकावं लागेल.

९ जुलै

पुण्याचा एक वर्गणीदार ‘जॉयस्टिक’ या नावाने लिहितो. आज लिहिलं: “निवेदनं सुरेख असतात. वस्तू कुठे आहे?”

प्रश्न नीट लिहिला आहे. एकही शब्द जास्त नाही.

१५ जुलै

प्रीतमला फोन. डबे कुठे अडले?

“ताई, जानराव बैल बनवून राहिला.”

कोण जानराव? तेल्हाऱ्याचा सुतार. कसले बैल? लाकडाचे. तान्ह्या पोळ्याला लहान मुलं ओढतात ते. वर्ध्या-नागपूरचे व्यापारी त्याच्याकडून गाडी भरून नेतात.

“थो म्हन्ते, पोळा होयेपर्यंत डबा-गिबा काई होत नाई. वर्षाचं गिऱ्हाईक हाय त्याचं.”

“मग दुसरा सुतार बघ.”

“सगळे बैलच बनवून राहिले नं!”

आणि हे मी लिहायचं.

१६ जुलै

लिहिलं. जसं होतं तसं. ‘सुतार सध्या तान्ह्या पोळ्याचे बैल करत आहेत. पोळा झाल्यावर डबे घेतील.’ दोन वाक्यं. विशेषण नाही.

१७ जुलै

अठ्ठेचाळीस प्रतिक्रिया! “बैल?” “कुत्र्याने गृहपाठ खाल्ला, तसं का?” बंगळुरूच्या एकाने हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारी चित्रं टाकली. एकाने विचारलं, तान्हा पोळा असं काही खरंच असतं का?

जॉयस्टिक हसला नाही. साइटवर पहिल्या दिवसापासून असलेलं गेमचं चित्र त्याने मोठं करून टाकलं. लिहिलं: “डब्याच्या डाव्या बाजूच्या लाकडाच्या रेषा आणि उजव्या बाजूच्या, तंतोतंत सारख्या आहेत. असं झाड नसतं. हे लाकूड नाही, कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र आहे. आणि दिवा पेटलेला आहे, पण वायर कुठेच लावलेली नाही. आत काही आहे का?”

मी चित्र मोठं केलं. रेषा सारख्या आहेत. वायर नाही.

चौदा निवेदनं लिहिली. एकदाही नीट बघितलं नव्हतं.

२२ जुलै

वर्गात ‘वाचक आणि विश्वास’ शिकवलं. तास कसाबसा संपवला.

२८ जुलै

लोक आता तर्क लढवतात. गेम म्हणजे बाहेरून आणलेला स्वस्तातला डबा, वर लाकडाचा कागद. प्रीतम नावाचा माणूसच नाही. एकाच्या मते निवेदनं एखादं यंत्र लिहितं, कारण कोणताही मेकॅनिक इतकं शुद्ध लिहीत नाही.

मी खरी आहे, एवढं लिहून टाकावंसं वाटलं. लिहिलं नाही. सही प्रीतमची असते.

३ ऑगस्ट

अकोल्याला जाऊन आले. बडनेऱ्याहून गाडी, पुढे रिक्षा. न सांगता गेले.

दुकानात मागच्या बाजूला टेबल. टेबलावर उघडं सर्किट, वायरी, राळ लागलेला सोल्डरिंगचा स्टँड. प्रीतमने कुठलीशी कॅसेट फुंकली — अजून फुंकतोच! — आणि बसवली. समोरच्या जुन्या टीव्हीवर चौकोनी ढग आले. एक माणूस उड्या मारायला लागला.

चालतो! गेम आहे. मी उभ्यानेच बघत राहिले. त्याने माझ्या हातात बटणं दिली. मी तीनदा खड्ड्यात पडले.

“ताई, उडी मार नं! थांबून कायले राह्यली?”

मग मी म्हटलं, हेच दाखव. उघडं. आज व्हिडिओ काढू, आजच टाकू.

“डब्याशिवाय नाई.”

“मग प्लास्टिकचा घे. बाजारात मिळतो.”

“लाकडाचाच पायजे.”

“काहून?” — रागात माझ्याही तोंडून वऱ्हाडी!

तो कॅसेट पुसत बसला. त्याची बायको माया चहा घेऊन आली होती. कप माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, “ताई, तुमी नका इचारू त्यायले.” आवाजात काहीतरी होतं. राग म्हणावा असं. माझ्यावर का?

परतताना संताप. समोर चालती वस्तू, आणि हा लाकडासाठी अडून बसला आहे. लहानपणीही असाच. एक गोष्ट डोक्यात शिरली की शिरली.

११ ऑगस्ट

पंधरावं निवेदन. ‘गेम चालतो. मी पाहिला.’ ‘मी’ खोडलं. सही प्रीतमची. ‘गेम चालतो.’

जॉयस्टिक: “कोणी पाहिला?”

२६ ऑगस्ट

पोळा झाला. तान्हा पोळाही. गल्लीत दोन मुलं लाकडी बैल ओढत गेली. चाकांचा खडखडाट. मी खिडकी लावून घेतली.

३१ ऑगस्ट

जानरावने पहिला डबा पाठवला. प्रीतमने फोटो धाडला.

डब्याला चाकं आहेत.

चार! लाल रंगाची. आणि पुढे दोरी बांधायला खिळा.

फोन केला. प्रीतम हसत होता. कितीतरी महिन्यांनी. “म्या फोनवर इचारलं त्याले, बाप्पा, चाकं कायले लावले? तर म्हन्ते, पोराइची वस्तू हाय नं? बिनचाकाची पोरं ओढतीन कशी?”

मीही हसले. मग तीस सप्टेंबर आठवलं.

२ सप्टेंबर

चाकं काढली. तळाला चार भोकं राहिली. प्रीतमने आत सर्किट बसवलं. दुपारी चार वाजता साइटवर थेट दाखवायचं ठरलं. एकशे सत्तर जण बघत होते. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, मोबाइलवर.

डबा सुंदर दिसत होता. खरोखर. प्रीतमने कॅसेट खाचेत घातली. टीव्हीवर ढग आले. माणूस उडाला. प्रतिक्रियांत टाळ्या! बंगळुरूवाल्याने माफी मागितली.

“आता दुसरी कॅसेट लावतो,” प्रीतम कॅमेऱ्याकडे बघून पुस्तकी मराठीत म्हणाला. पहिली निघेना. ओढली. निघेना. स्क्रूड्रायव्हर घातला. खाच फुगली होती. कडेचं लाकूड उललं, आणि त्याच्यासकट कॅसेट बाहेर आली. अर्धी.

“एक मिनिट,” तो म्हणाला. मग व्हिडिओ बंद झाला.

स्टाफरूममधल्या मॅडमनी विचारलं, काय बघता? मी म्हटलं, भावाचं.

३ सप्टेंबर

जॉयस्टिकने काही लिहिलं नाही. बाकीच्यांनी लिहिलं.

७ सप्टेंबर

तेल्हारा. प्रीतम यायला तयार नव्हता. एकटी एसटीने गेले.

जानराव साठीचा. अंगणात भुसा, कोपऱ्यात न खपलेले सहा-सात बैल. एकाला शिंग नाही. मी म्हटलं, मी प्रीतमची बहीण. त्याने खाट झटकून दिली.

“बसा, बाई. डब्याचंच इचाराले आल्या नं?”

लाकूड कुठलं वापरलं, विचारलं.

“बैलाचं उरलं होतं तेच. हलकं ऱ्हायते. पोराले ओढाले जड नको.”

“ते ओलं असतं ना?”

“असते थोडं. बैल एक दिवस चालते, बाई. मंग वर्षभर माळ्यावर. त्याले कोन पाह्यते फुगला का उलला?” मग माझ्याकडे रोखून बघितलं. “आतमंदी गरम व्हाचं कोनी सांगतलं होतं मले? प्रीतम म्हने, लाकडाचा डबा दे. म्या देल्ला.”

“वाळलेलं लाकूड मिळेल का? या महिन्यात?”

“गावात कोनाजवळ नाई. दिवाळीनंतर पाहा.” आणि बैलाचं तुटकं शिंग हातात फिरवत: “म्या त्याले म्हटलं होतं, बाप्पा, प्लास्टिकचा घे. मस्त टिकते. थो हासला. म्हने, नाई जमत, काका.”

म्हणजे सुतारानेही सांगितलं होतं! लाकूड विकणाऱ्याने!

८ सप्टेंबर

प्रीतमला फोनवर शेवटचं विचारलं. काळा प्लास्टिकचा डबा चार दिवसांत मिळतो. गेम चालतो. वेळ आहे. का नाही?

“वर्गनी त्यायनं लाकडासाठी भरली, ताई. डब्यासाठी. गेम तं कोनीबी देते.”

“पण हे लाकूड तुझ्या डोक्यात घातलं कोणी?”

मागे कुठल्यातरी दुरुस्तीच्या टीव्हीवर बातम्या.

“जाऊ दे नं.”

जाऊ दे! दीड वर्ष माझी वाक्यं घेतली. मी त्याच्या नावाने खरं-खोटं लिहिलं. आणि आता जाऊ दे.

१४ सप्टेंबर

निवेदन लिहिलं. पहिल्यांदाच माझ्या सहीने. मी कोण, हे सांगितलं. बैल खरे होते, हे सांगितलं. चाकं, ओलं लाकूड, फुगलेली खाच, सगळं. शेवटी: ‘गेम तयार आहे आणि चालतो. तो अडला, कारण डबा लाकडाचाच हवा हा निर्माता प्रीतम याचा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट. सुतारासह अनेकांनी सांगूनही त्याने तो सोडला नाही. यापुढे डबा काळ्या प्लास्टिकचा असेल. ज्यांना मान्य नाही त्यांना वर्गणी परत मिळेल.’

टाकण्याआधी त्याला फोनवर वाचून दाखवलं. ‘हट्ट’ या शब्दावर थांबले. तो काही बोलेल म्हणून.

“लिही,” तो म्हणाला. “बरोबर हाय.”

“बदलू का काही?”

“तुह्यं लिवलेलं म्या कदी बदललं?”

टाकलं.

१५ सप्टेंबर

कौतुक! “अखेर प्रामाणिकपणा.” “ताईंनी आधीच लिहायला हवं होतं.” प्रीतमला नावं ठेवणाऱ्या तीसेक प्रतिक्रिया. आडमुठा. मेकॅनिकच्या हातात कारभार दिला की हेच. एकाने त्याच्या दुकानाचा फोटो शोधून टाकला, पाटीसकट.

बेचाळीस जणांनी वर्गणी परत मागितली. बहुतेकांचं एकच म्हणणं: आम्ही लाकडासाठी भरली होती.

मायाला तीनदा फोन केला. उचलला नाही.

१७ सप्टेंबर

मायाचा मेसेज. “गिऱ्हाईक येऊन हसून राहिले. तुमाले बरं वाटलं ना ताई.” शेवटी प्रश्नचिन्ह नाही.

तिला काय उत्तर द्यायचं? मी खोटं लिहिलेलं नाही. एक शब्द खोटा नाही.

आज जॉयस्टिकनेही लिहिलं. फार सभ्य. “मॅडम, पहिल्यांदा सरळ लिहिलंत, आभार. मी प्लास्टिकलाही तयार आहे. फक्त कुतूहल — लाकूड मुळात आलं कुठून? सुरुवातीला काय ठरलं होतं, ते जमल्यास टाका. बाकीच्यांचाही राग उतरेल.”

रास्त आहे. प्रीतमचे जुने मेसेज माझ्याकडे आहेत सगळे. उद्या काढते. त्याच्याच आवाजात ऐकवते लोकांना.

१८ सप्टेंबर

सापडलं. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. त्याचा आवाज, अठ्ठावीस सेकंद: “ताई, डबा प्लास्टिकचाच ठेवतो. काळा. सस्ता अन् मजबूत. जाहिरात तेवढी तू लिहून दे.”

त्याखाली मी लिहून पाठवलेली जाहिरात. पहिली ओळ: ‘हाताला ऊब देणारी लाकडी पेटी.’

त्याखाली, चार मिनिटांनी, त्याचं: “लय भारी लिवलं ताई. मंग लाकडाचाच करतो.”