नवी आयर्न आणि चौदावं होल

३ फेब्रुवारी

चि. ठेंगू यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत आहोत, तुम्हीही सगळे असाल. तू माझ्यापेक्षा वीतभर उंच झालास त्याला चाळीस वर्षं झाली, तरी हात 'ठेंगू'च लिहितो. पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू दोनदा 'हं' म्हणतोस आणि तिसऱ्यांदा दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणतोस, म्हणून पत्र.

बातमी अशी की मी पुन्हा गोल्फ सुरू करतोय. हसू नकोस. मोजणी खात्यातून निवृत्त होऊन आठ महिने झाले. तुझ्या वहिनीच्या मते मी घरात नको तिथे नाक खुपसतो. परवा मी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. तिला साखर सापडेना. मग तिने मला दाराकडे बोट दाखवून सांगितलं, "अहो, तुमच्या त्या काठ्या काढा आणि रोज चार तास कुठेतरी जा. मी हात जोडते."

काठ्या काढल्या. माळ्यावर माझ्या पिशवीशेजारी तुझीही पिशवी आहे. तिची चेन गंजली आहे, बाकी ठीक. माझ्या आयर्नच्या, त्या लोखंडी पात्याच्या काठ्यांच्या, मुठींचं रबर मात्र इतकं चिकट झालं होतं की हात धुवायला दोनदा साबण लागला. अकरा वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. तेव्हा ठरवलं, नवीनच घ्यायची.

मला वाटलं होतं, दुकानात जायचं, चकचकीत संच बघायचा, खांद्यावर टाकून यायचं. आता तसं नसतं रे बाबा. आता आधी माप घेतात. दुकानाच्या मागच्या खोलीत जाळी लावलेली, जमिनीवर एक यंत्र, आणि माप घेणारी एक मुलगी. मुलगी म्हणजे असेल पस्तिशीची, पण माझ्या वयाला सगळ्याच मुली. तिने मला माझंच जुनं आयर्न हातात दिलं आणि म्हणाली, "मारा काका, घाबरू नका." मी! घाबरू नका! पहिला फटका जाळीलाच काय, चेंडूलाही लागला नाही. तिने तोंड फिरवलं, म्हणजे हसली असणार.

पंधरा-वीस चेंडूंनंतर अंगात जरा लय आली. मग तिने आयर्नच्या तळाला चिकटपट्टी लावली, खाली एक कडक फळी ठेवली आणि तिच्यावरून मारायला सांगितलं. पट्टीवर घासल्याची खूण उमटते, त्यावरून कळतं की आयर्न आपल्या उंचीला आणि हाताला बरोबर बसतं का. माझी खूण पार पात्याच्या टाचेकडे, दांड्याच्या बाजूला. म्हातारपणी माणूस वाकतो, हात खाली येतात. आयर्नचा कोन त्या हिशेबाने वाकवून घ्यावा लागतो. तीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या, माझं माप पहिल्यांदाच कुणी घेतलं.

मला हवी होती ती जुन्या धाटणीची, पातळ पात्याची आयर्न. तुला माहीत आहे माझा तोरा. ती म्हणाली, "काका, ही दिसायला छान आहेत, पण जरा चुकलं की हात झिणझिणतात. तुम्ही जाड बुडाची घ्या, ती चूक पोटात घालतात." आणि खरंच, आकडा लहान तितका चेंडू लांब जायचा, तर त्यातल्या सात नंबरने तो माझ्या जुन्या सहापेक्षाही लांब गेला. मी लगेच छाती फुगवली. तर ती म्हणते, "आकड्यावर जाऊ नका. याच्यावर सात लिहिलंय, पण कोन जुन्या सहाचा आहे. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून आकडा बदलून लिहितात." इतकं सरळ सांगणारी दुकानदार मी पाहिली नव्हती. मी थोडा वेळ बाकावर बसून पाणी प्यायलो.

शेवटी तिने विचारलं, "खेळणं का सोडलं होतं?" मी म्हटलं, कंबर. ती म्हणाली, "काका, मी अर्धा तास बघतेय. तुमची कंबर ठणठणीत आहे." आता या पोरीला काय सांगणार?

संच नक्की केला आहे. कोन वाकवून, दांडे कापून मिळायला तीन आठवडे लागतील. आता मुद्द्याचं. एप्रिलमध्ये क्लबवर जोडीची स्पर्धा आहे, पन्नाशीच्या पुढच्यांची. तू ये. आपण दोघं खेळू. जुनं जे झालं ते मनात ठेवू नकोस. मोजण्यात चूक कुणाच्याही हातून होते, आणि तिथे आता कुणाला आठवतही नाही. माझ्या मनात तर तुझ्याबद्दल कधीच काही नव्हतं. मला तुझ्याकडून 'येतो' एवढं एकच उत्तर हवं आहे.

सौ.ला आणि मुलीला आशीर्वाद.

तुझा,
दादा


२४ फेब्रुवारी

चि. ठेंगू,

तुझं उत्तर पोचून आठवडा झाला. आयर्नबद्दल तू लिहिलंस ते पटलं, मुठी जाडच घ्यायला सांगितल्या. पण त्याखालच्या चार ओळी मी इतक्यांदा वाचल्या की कागदाची घडी फाटायला आली.

तू लिहितोस, 'दादा, मी येणार नाही. कुणाचा राग नाही. पण त्या चौदाव्या होलवर मी खरंच पाच फटके मोजले होते, आणि झाले होते सहा. तेव्हापासून माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही. दुकानात प्रत्येकाच्या चष्म्याचा नंबर तीन-तीनदा तपासतो. गिऱ्हाइकं कंटाळतात, काही उठून जातात. हातात स्कोअरचं कार्ड घ्यायची आता माझी हिंमत नाही.'

मला वाटत होतं, तुला लोकांच्या बोलण्याचं लागलं असेल. रविवारी सकाळी तू क्लबवर मुलांना शिकवायचास, ते बंद झालं, आईबापांनी पोरं पाठवायची थांबवली, त्याचं लागलं असेल. वर्षाच्या आत तू दुकान उचलून दुसऱ्या शहरात गेलास तेव्हाही मी मनाला हेच सांगितलं, की लोकांची तोंडं कोण धरणार, त्यात माझा काय दोष. पण तू अकरा वर्षं स्वतःच्याच डोळ्यांना दोष देत बसला असशील, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. ते वाचलं आणि मला रडू आलं. तुझ्या वहिनीने विचारलं, काय झालं. मग तिलाही आधी तेच सांगावं लागलं जे आता तुला सांगतोय.

मी पाहिलं होतं.

अंतिम फेरी होती. तुझं कार्ड माझ्याकडे, माझं तुझ्याकडे, नियमाप्रमाणे एकाने दुसऱ्याचे फटके लिहायचे. चौदाव्याला तुझा चेंडू झाडाखालच्या उंच गवतात गेला. तू पहिला फटका मारलास, तो गवतातच अडकला आणि चेंडू फार तर हातभर सरकला. तू वैतागून लगेच दुसरा मारलास आणि चेंडू सुंदर बाहेर आला. त्या आनंदात तू मधला फटका विसरलास. होल संपल्यावर तू विचारलंस, "पाच ना रे दादा?" मी तुझ्यापासून वीस पावलांवर होतो. तूच करून दिलेल्या चष्म्यातून मला सगळं लख्ख दिसलं होतं. आणि मी "पाच" म्हणून कार्डावर पाच लिहिले.

तू एका फटक्याने पुढे होतास, म्हणजे तुझा एक फटका कमी. मी तुला तिथेच "सहा" म्हटलं असतं, तर तू कपाळावर हात मारून "अरे हो की" म्हणाला असतास आणि आपण बरोबरीत आलो असतो. पुढची चार होल शिल्लक होती, तू ती माझ्यापेक्षा चांगलीच खेळणार होतास, तूच जिंकला असतास. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच मी गप्प बसलो. खेळ संपल्यावर तू कार्डावर सही केलीस, खाली मी केली. तू सही करेपर्यंत मी वाट बघितली, ठेंगू. मग क्लबच्या सेक्रेटरींकडे जाऊन म्हणालो, "मला आत्ता आठवतंय, चौदाव्यावर सहा झाले वाटतं." सही झालेल्या कार्डावर खऱ्यापेक्षा कमी फटके, म्हणजे खेळाडू बाद. तुला बोलावून विचारलं, तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणालास, "दादा म्हणतो तर सहाच असतील." वाद नाही, चिडचिड नाही. कप मला मिळाला.

तो मी घरी आणला आणि आठ दिवसांत माळ्यावर टाकला. मग माझी कंबर दुखायला लागली. सगळ्यांना तेच सांगितलं, हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं. आणि मागच्या पत्रात मी तुला मोठेपणाने लिहिलं, मोजण्यात चूक कुणाच्याही हातून होते!

सोमवारी क्लबवर गेलो. सेक्रेटरी तेच आहेत, आता कानाला यंत्र लावतात, म्हणून मला सगळं दोनदा आणि मोठ्याने सांगावं लागलं, बाहेरच्या माळ्यानेही ऐकलं. ते म्हणाले, "कशाला आता गाडलेली मढी उकरता? आपलं वय काय!" मी म्हटलं, लेखी आणलंय, फळ्यावर लावा. माझ्या हातची दोन पानं परवापासून जिन्याजवळच्या फळ्यावर आहेत, तुझं पूर्ण नाव आणि माझं पूर्ण नाव घालून. जाणूनबुजून चुकीच्या कार्डावर सही करणाराही बाद होतो, तोच नियम. विजेत्यांच्या पाटीवरून माझं नाव काढायचं ठरलं आहे. मला वर्षभर क्लबवर बंदी. पत्ते खेळायला येणाऱ्या डॉक्टरांनी काल रस्त्यात मला बघून फुटपाथ बदलला. बदलू दे.

तुझी वहिनी तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. चौथ्या दिवशी म्हणाली, "जगाला सांगितलंत, ज्यांचं वाटोळं केलंत त्या भावजींना कधी कळवणार?" म्हणून आज बसलो.

आणि मजा बघ, दुकानातून कालच निरोप आला, आयर्न तयार आहेत. माझ्या मापाची, बरोबर वाकवलेली, आणि खेळायला जागा नाही. त्या मुलीने विचारलं, कधी नेता? म्हटलं, उद्या संध्याकाळी नेतो, घरात कोपऱ्यात उभी राहतील.

एप्रिलचं मी आता तुला विचारत नाही. तो हक्क मला नाही. एकच गोष्ट नीट ऐक. तुझे डोळे कधी चुकले नाहीत. तू एक फटका विसरलास, तोही आनंदात, आणि जो माणूस तुला आठवण करून द्यायला तिथे उभा होता त्याने ती दिली नाही. चूक एवढीच आहे. दुकानात नंबर एकदा तपास आणि गिऱ्हाइकाला चष्मा दे.

माफ कर असं लिहीत नाही. मोठा भाऊ म्हणाला की तू लगेच 'जाऊ दे दादा' म्हणशील, मला माहीत आहे तुझा स्वभाव. या वेळी म्हणू नकोस. फोन उचल आणि जे अकरा वर्षांत बोलला नाहीस ते सगळं बोल, शिव्यांसकट. मी मध्ये बोलणार नाही, फोन ठेवणार नाही. दिवसभर घरीच असतो.

तुझा अपराधी,
दादा