उन्हात पळणारी लहर

६ जानेवारी

टेबलावरचा धातूच्या पट्टीचा नमुना सत्तर अंशांवर तापवला आणि त्यातली रेडिओ लहर वेगाने पळाली! दोन वर्षं गेली तिला हळू चालवण्यात. पट्टीला कंगव्यासारखे दाते काढले, म्हणून तर हातभर लांबीचं काम काडेपेटीएवढ्या जागेत बसलं. हेलिकॉप्टरचा उंचीमापक जमिनीवरून परतलेली लहर याच पट्टीशी ताडून बघतो. पट्टी चुकली की उंची चुकली. आहे त्याहून जास्त दाखवणार!

७ जानेवारी

पुन्हा तेच. पट्टीवरचा थर तापून उचलला जातोय, फटीत हवा शिरतेय, आणि हवेत लहर जोरात धावते. चाळीस मीटरवर साडेचार मीटरची चूक — तेवढ्या अंतरात विजेची तार येते. ताडून बघायला दुसरी पट्टी नाही. बाकीच्या सगळ्या त्या नऊ हेलिकॉप्टरांत बसल्यात. एक कोरीचं. धाकटा भाऊ माझा, वणव्यावर पाणी टाकतो. धुरात खालचं दिसत नाही, तो आकडा बघून उतरतो.



८ जानेवारी

डेस्मंडला, आमच्या मालकाला, दाखवलं. म्हणाला, "एका तुकड्यावरून, ब्रॉन? सोमवारी नीट मोजू. आत्ता बोललीस तर भर वणव्यात नऊच्या नऊ खाली बसतील. त्या गावांनी काय करायचं?"

त्याचं चूक नाही. तेच भयंकर आहे.

दुपारी कोरीचा फोन. "काय गं, तुझ्या डबीच्या भरवशावर आज सात फेऱ्या मारल्या!" पट्टीचं काही न सांगता मी फोन ठेवला.

९ जानेवारी

ॲडिलेडला एक्केचाळीस अंश, वर उत्तरेचा वाळवंटी वारा. अशा उन्हात हेलिकॉप्टरातली डबी सत्तरावर जाणार. डेस्मंडला न विचारताच विमान सुरक्षा खात्याला फोन लावला. तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं, "नक्की ना?"

"नक्की नाही," म्हटलं. "पण उडू देऊ नका."

सकाळी दहापर्यंत सगळी हेलिकॉप्टरं उतरवली.

दुपारी चारला फोनवर कोरी ओरडत होता — "आम्ही इथे हात बांधून बसलोय आणि समोर टेकडी जळतेय! कळतंय का तुला?" त्याने फोन आपटला.

१० जानेवारी

टेकडीवरची अकरा घरं गेली. माणसं वाचली म्हणतात. सगळी का, ते कुणी सांगत नाही.



१२ जानेवारी

तपासणीचा निकाल आला. नऊच्या नऊ मापक बिनचूक. थर फक्त माझ्या नमुन्याचा सुटला होता — तेवढा एकच मी हाताने चिकटवलेला.

कोरीला अजून सांगायचंय.