धाकटीने आधी उचलायचा वाटा

मी, वच्छला जानराव गावंडे, राहणार चांदूर बाजार, पूर्ण शुद्धीत, कोणी धाक न घालता आणि फुकटचा चहाही न पाजता, माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. तो माझा मुलगा गजेंद्र यास आवर्जून दाखवावा.

गजेंद्र अकोल्याला प्लॉट विकतो आणि उठता-बसता 'ऑप्शन' म्हणतो. शाळेत त्याने भूमिती ऑप्शनला टाकली, निकाल सगळ्या आळीने पाहिला. लग्नाच्या वेळी पोरी ऑप्शनमध्ये ठेवत गेला, शेवटी जी हो म्हणाली तिच्याशी केलं. मागे मला म्हणतो, "आई, परतवाड्याले वृद्धाश्रमाचा चांगला ऑप्शन हाये." मी म्हटलं, "मंग तूच जाऊन राय."

इथवर मी हसण्यावारी नेलं. पण पोळ्याला तो माझ्या माघारच्या वाट्याचं हक्कसोडपत्र घेऊन आला आणि धाकट्या बहिणीला, प्रणालीला, म्हणाला, "सही कर. बहिनीले दुसरा ऑप्शन नसते." मळा तीच पिकवते, झेंडू तीच बाजारात नेते, तरी तिने मुकाट पेन उचललं. मला असा संताप आला की चुलीवरचा वरणाचा उकळता गंज मी त्या कागदावरच उतरवला.

म्हणून घर, विहीर आणि मळा, जे माझ्या एकटीच्या नावे आहेत, त्यांचे आपल्या रिवाजाने दोन वाटे व्हावेत. मोठ्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. भावाभावांत हेच चालतं, बहिणीलाही चालेल. गजेंद्रने वाटे हवे तसे पाडावेत. विहीर आणि सगळं बागायत एकाच वाट्यात टाकलं तरी माझी हरकत नाही, आधी उचलणार प्रणाली आहे.

तिने भावाची दया येऊन हक्क सोडलाच, तर तिचा वाटा शेजारच्या केशरबाईस जावा. या बाईशी माझं नळाच्या पाण्यावरून कायमचं वाकडं आहे, हे प्रणाली जाणते.

फवारणीचा पंप गजेंद्रला. त्याने तो एकदा पाठीवर घेऊन पाहावा. शिलाई मशीन सूनबाईला, तिची नजर त्यावर होतीच.

प्रणाली, मले जन्मात कोनी इचारलं नाई का तुले काय पायजे. तू मळा ठेव नाईतं इक, लग्न कर नाईतं नको करू. पन सोताच्या मनानं कर.

सही करण्याआधी हे सर्वांसमक्ष वाचून दाखवलं. मग वाटे गजेंद्रलाच पाडायचे म्हणून म्हणा की खरंच म्हणा, त्याने बहिणीला विचारलं, "प्रणाली, तुले कोनतं पायजे?"

तिने अजून सांगितलेलं नाही. तिला कोणी घाई करू नये.

लिहून ठेवणार: वच्छला जानराव गावंडे (सही)
साक्षीदार: डॉ. गीतांजली राऊत (सही), शेखर वानखडे (सही)
चांदूर बाजार, १२ नोव्हेंबर २०२४