पहिली सही मोठ्याची

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. घरी सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा दुखतोच, आणि शिडीवर चढू नका म्हटलं की ते मुद्दाम चढतात. वहिनीला आणि चिमणीला आठवण सांग. हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्ही पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हा आता गोडीगुलाबीत लिहायची अपेक्षा ठेवू नकोस.

कंपनी काढायची ठरवल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. शाळेच्या नव्या इमारतीचं काम आपल्याला मिळू शकतं, पण ते नोंदणी झालेल्या कंपनीलाच देणार. 'बाबा आणि त्यांची माणसं' एवढ्यावर आता भागत नाही. आम्ही सुचवलेली तीन नावं परत आली, कारण ती म्हणे आधीच कोणीतरी घेतलेली. चौथं मंजूर झालं, तर बाबांना ते औषधाच्या दुकानाचं वाटतं. वकिलाने विचारलं, कंपनीचा उद्देश काय? बाबा म्हणाले, "लिहा, न गळणारी घरं बांधणे." वकील म्हणाला, असं लिहीत नाहीत. त्यावर अर्धा तास वाद झाला आणि मी मध्ये बसून दोघांच्या तोंडाकडे बघत होतो.

खरी अडचण सह्यांची आहे. संचालक तिघे: बाबा, तू आणि मी. बाबा पेनाला हात लावत नाहीत. "पहिली सही मोठ्याची," एवढंच म्हणतात. मी म्हटलं, चार वर्षं तो दुसऱ्याच्या साइटवर सुपरवायझर आहे, तो कशाला करेल? तर म्हणतात, "चुकला म्हणून काय झालं? मोठा तोच ना?" महिनाअखेरीला मुदत संपते. गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाले, सगळे माझ्याकडे बघताहेत, आणि मी टपालवाल्याकडे.

तुझाही राग येतो, खोटं कशाला सांगू. घर सोडून जाताना एक शब्द बोलला नाहीस. भांडला असतास, दोन शिव्या दिल्या असत्यास, तर बरं झालं असतं.

काल वकिलाने कंपनीच्या माहितीचा कागद पाठवला. शाळेच्या अर्जाला तो जोडायचा आहे. त्यात एक रकाना आहे: पूर्वी बांधकामात मोठी चूक झाली होती का, आणि कोणामुळे. बाबांनी सांगितलं तसं त्याने टाइप केलंय: 'ज्येष्ठ बंधूंच्या चुकीमुळे एका घराच्या स्लॅबमध्ये जिन्याची जागा भलत्याच कोपऱ्यात सोडली गेली.' खाली लिहिलंय, वरील माहिती खरी आहे. त्याच्याखाली माझी सही हवी. काल दुपारपासून तो कागद टेबलावर पडून आहे. दोनदा पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

त्या सकाळी तू सळ्या आणायला गेला होतास. सेंट्रिंगच्या फळ्यांवर जिन्याच्या जागेच्या खुणा मी केल्या. नकाशाचा ट्रेसिंग पेपर मी पालथा धरला होता, दादा. उजवं डावीकडे गेलं, आणि मला ते दिसलंही नाही. घाई होती, काँक्रीटचं मिक्सर येऊन उभं राहिलं होतं. तू परत आलास तेव्हा अर्धा स्लॅब ओतून झाला होता. फळ्या काढल्यावर जिना सरळ छताला जाऊन धडकला आणि भोक निघालं न्हाणीघरावर. सगळी साइट हसत होती. बाबांनी कोणालाही काही न विचारता तुला फैलावर घेतलं. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मी चहाचे पेले गोळा करायला लागलो.

तुला माहीत होतं, हे मला माहीत आहे. चार वर्षं मी ते स्वतःशीसुद्धा उच्चारलं नाही. 'दादा तापट आहे, म्हणून गेला' असं सांगत फिरलो. मला लाज वाटते. तुझ्यासारखा मोठा भाऊ असूनही मी भित्राच निघालो.

त्या रकान्यात मी आत्ता 'ज्येष्ठ बंधूंच्या' खोडून 'माझ्या' लिहिलंय आणि सही केली आहे. शाळेने काम दिलं नाही तर नाही. तुझ्या सहीचे कागद सोबत ठेवतो. हे पत्र पाकिटात घालण्याआधी बाबांना वाचायला देणार आहे, कारण तोंडाने सांगायला गेलो तर मी पुन्हा कुठला तरी भलताच विषय काढेन.

रागाव, पण या वेळी बोलून रागाव.

तुझा अपराधी,
धाकटा

मोठ्या,
धाकट्याचं पत्र चार वेळा वाचलं. खुणा कोणी केल्या, हे त्या दिवशी मी विचारायला हवं होतं. तेवढंही मी केलं नाही. सहीचे कागद मी पाकिटातून काढून घेतलेत. ते राहू देत. तू घरी ये.
बाबा