सिंकपाशी वीस मिनिटं

बाबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. हे पत्र कुठेच पोचणार नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. आज वर्गात न्यूट्रलायझेशन शिकवलं. ॲसिड आणि अल्कली योग्य प्रमाणात एकत्र आले की दोघांचाही जोर संपतो, मागे उरतं मीठ आणि पाणी. एवढं साधं वाक्य, पण बोर्डवर लिहिताना दर वर्षी मला आपलं सिंक आठवतं.

बर्मिंगहॅमच्या त्या घरात शनिवारची सकाळ आहे. मी चौदा वर्षांची, केमिस्ट्रीच्या टेस्टमध्ये नुकतेच पैकीच्या पैकी मार्क मिळालेले, त्यामुळे डोकं हवेत. सिंक तुंबलंय. आई त्यात ड्रेन क्लीनर ओतायला जाते, डबा निसटतो आणि तिच्या ओल्या मनगटाला ते पांढरे दाणे चिकटतात. ती ओरडते. डब्यावर सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलेलं मला दिसतं आणि मी अक्कल पाजळते. अल्कली आहे ना, मग ॲसिड हवं! आई नळाकडे वळते, तर मी तिचा हात ओढून वरणासाठी कापून ठेवलेलं लिंबू त्यावर पिळते. "थांब ना आई, इट विल कॅन्सल आउट!" आणि ती थांबते. माझ्यावर विश्वास ठेवून थांबते, बाबा. मी दुसरी फोड उचलते, तोवर कातडी बुळबुळीत झालेली असते.

तुम्ही अर्धवट दाढी झालेल्या तोंडाने जिना उतरून आलात, मला ढकललंत, टॉवेलने दाणे झटकून तिचा हात नळाखाली धरलात. "पाणी! आधी पाणी! अगं, ते दोन्ही मिसळले की उष्णता निघते. बीकर आहे का हा? आईचा हात आहे!" नागपूरला इतकी वर्षं केमिस्ट्री शिकवताना तुमचा आवाज कधी चढला नव्हता म्हणे. वीस मिनिटं तुम्ही घड्याळावरून नजर काढली नाहीत. आई थरथरत म्हणत होती, "अहो, सोडा आता, गार पाणी सोसत नाही." तुम्ही सोडलं नाहीत. तिची बोटं पुन्हा हलतील ना, याशिवाय मला काही सुचत नव्हतं.

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, "हू पुट लेमन ऑन धिस?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आय डिड." तुम्ही काय काम करता, हेही तिने विचारलं. शाळेत लॅब टेक्निशियन आहे, असं तुम्ही सांगितलंत. "यू, ऑफ ऑल पीपल," ती म्हणाली, निदान तुम्हाला तरी कळायला हवं होतं अशा सुरात. नागपुरात ज्यांना सगळे सर म्हणायचे, ते तुम्ही अर्ध्या दाढीनिशी मान खाली घालून ऐकत राहिलात. मी नुसती आईची पर्स धरून उभी राहिले. आईची बोटं हलली, जखम भरायला दोन महिने लागले. त्यानंतर घरात कुणीच तो विषय काढला नाही.

हातावर अल्कली सांडली तर आधी भरपूर पाणी, हे मी मुलांना बजावून सांगते आणि लिंबाचा किस्साही सांगते. आज एका मुलीने विचारलं, "मिस, हू वुड डू दॅट?"

"माय डॅड," मी म्हणाले. दर वर्षी हेच म्हणते. मुलं तुम्हाला हसतात आणि मी त्यांना हसू देते.